हद्द आणि पळवाट

ज्या माशाच्या मृत्यूनंतर हा विषय मुळापासून समजून घेतल्यावाचून मला राहवेना, तो माझ्या टाकीत अवघे सहा दिवस जगला. लक्षद्वीप-मालदीवच्या उथळ प्रवाळखडकांवर शेवाळ खुडत हिंडणारा, अंगाने फिकट निळा, तोंडाने काळाभोर आणि पाठीवर पिवळ्याधमक पराची पट्टी वागवणारा हा सर्जन मासा, शौकिनांच्या बोलीतला ‘पावडर ब्लू टँग’, मी ज्या संध्याकाळी घरी आणला त्या संध्याकाळी टाकीत दीड वर्षापासून एक पिवळा टँग नांदत होता; तो हवाई बेटांकडचा, हा हिंदी महासागरातला, दोघांच्या जाती निराळ्या, रंग निराळे, तेव्हा त्यांच्यात वितुष्ट येण्याचे काही कारण नाही, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिली पाच-दहा मिनिटे शांततेत गेली. मग पिवळ्याने पाठीचे आणि पोटाचे पर शिडासारखे ताठ उभारले, अंगाची कड नवागताकडे केली, आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना जे एकेक धारदार पाते या माशांना लाभलेले असते आणि ज्यामुळे त्यांना शस्त्रवैद्याचे नाव मिळाले, ते पाते रोखून शेपटीचा असा फटकारा मारला, की निळ्याच्या कुशीवर पांढरी रेघ उमटली. तिसऱ्या दिवशी त्याचे पर फाटले होते. चौथ्या दिवशी तो पंपाच्या नळीमागे, पाण्याच्या पृष्ठभागालगत, तोंड कोपऱ्यात घालून उभा राहू लागला. पाचव्या दिवशी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला. दोन-चार दिवस भांडतील आणि मग जमवून घेतील, असे दुकानदाराने सांगितले होते, आणि त्या शब्दावर विसंबून मी हातावर हात ठेवून बसलो, हा दोष सर्वस्वी माझा.

या घटनेचा विचार करताना प्रथम जे ध्यानात आले ते असे, की त्या पिवळ्या माशाने समुद्रात केले असते त्याहून अधिक क्रूर असे काहीही टाकीत केले नव्हते. समुद्रातही त्याने असेच पर उभारले असते, असाच एखादा फटकारा मारला असता, चार-दोन हात पाठलाग केला असता. आणि निळा मासा त्याच्या हद्दीबाहेर पडताच तो माघारी वळून पुन्हा शेवाळ खुडू लागला असता. मारणे हा त्या भांडणाचा हेतू नसतो. हेतू असतो हुसकावण्याचा, आणि समोरचा हुसकला गेला की तंटा तेथेच मिटतो. टाकीत मात्र पराभूताला जाण्यास जागाच नसते. माझी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे हिशेबाने सुमारे साडेचारशे लिटरांची. खडक आणि वाळू वजा जाता पाणी चारशे लिटरांच्या आतच. एवढ्या जागेत हरलेला मासा कोणत्याही कोपऱ्यात गेला तरी जिंकलेल्याच्या दृष्टीपुढेच राहतो, आणि ज्याला ‘निघून जा’ असे बजावले तो निघून गेलेला नाही, एवढेच त्या दृष्टीला कळते. त्याची प्रत्येक उपस्थिती ही नवी आगळीक ठरते आणि प्रत्येक आगळिकीला नवी शिक्षा मिळते. समुद्रात अर्ध्या मिनिटात संपणारा मामला काचेच्या चार भिंतींत सहा दिवस चालतो, तो माशाचा स्वभाव बिघडल्यामुळे नव्हे. त्या भांडणाच्या शेवटी जी पळवाट निसर्गाने गृहीत धरलेली असते, ती आपण काढून घेतलेली असते म्हणून.

आता मुळात हद्दीसाठी एवढा आटापिटा का, हे पाहू. प्रवाळखडक म्हटला की पाण्याखालचे सुजलाम् सुफलाम् उपवन आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण तेथे खरी टंचाई असते ती जागेची. रात्री शिरून निजता येईल असे बीळ, अंडी चिकटवता येतील असा स्वच्छ केलेला दगड, शेवाळ उगवेल असा उजेडातला कातळ, यांतली प्रत्येक वस्तू मोजकी आणि प्रत्येकीला दहा दावेदार. डॅम्सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानग्या माशांपैकी काही जाती तर अक्षरशः शेती करतात. ‘स्टेगॅस्टिस’ वंशातला एक तपकिरी, दिसायला अगदी सामान्य मासा आपल्या मुठीएवढ्या अंगाने कातळाचा एक तुकडा ताब्यात ठेवतो, त्यावर खाण्याजोग्या तांबूस शेवाळाची वाढ होऊ देतो, नको असलेली शेवाळे तोंडाने उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकतो, आणि पिकात शिरलेल्या समुद्री साळूला काट्याला धरून फरफटत बांधापलीकडे नेऊन सोडतो. पाणबुड्या माणसाच्या बोटालाही तो चावतो. ज्याने एवढी मशागत केली त्याने ती राखण्यासाठी आपल्या दसपट मोठ्या जनावरावर तुटून पडावे, यात नवल ते काय? आपल्याकडे बांध वीतभर सरकला म्हणून दोन भाऊ दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. या माशापाशी ना कचेरी ना सातबाराचा उतारा, त्याची सगळी सनद त्याच्या दातांत.

कॉन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ साली आक्रमकतेवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील प्रवाळमाशांच्या वर्णनाने होतो. भिंतीवरच्या जाहिरातीसारखे भडक, ठसठशीत रंग या माशांना कशासाठी, असा प्रश्न त्याने घातला आणि उत्तर दिले ते असे, की हे रंग म्हणजे मालकीचे निशाण होय. सजातीयाने ते दुरून ओळखावे आणि पुढे पाऊल घालू नये, यासाठी ते फडकवलेले असते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभ्या राहणाऱ्या आमच्या पिढीच्या मुलांना जे निव्वळ आभूषण वाटे, त्यात मालकीहक्काची घोषणा असू शकते, हा विचार मला आजही विलक्षण वाटतो. लोरेन्झला १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तथापि त्याचा हा सिद्धान्त जसाच्या तसा टिकला नाही. कारण हे मासे केवळ सजातीयांशीच भांडतात असे नव्हे. जो आपले अन्न खातो, जो आपल्या बिळात मावतो, ज्याचा आकार आपल्या आकाराशी मिळताजुळता आहे, तो कोणत्याही जातीचा असो, हक्कात वाटेकरी म्हणून उभा आहे, असा त्यांचा हिशेब असतो. माझा पिवळा आणि निळा मासा जातीने भिन्न होते; पण दोघेही चपटे, दोघेही शेवाळ खाणारे, दोघेही सारख्याच उंचीने पोहणारे. मी त्यांचे रंग पाहिले, त्यांनी एकमेकांचे धंदे पाहिले.

या ओळखीच्या कायद्याला निसर्गाने कशा सवलती ठेवल्या आहेत, याचे एक उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एंपरर एंजेल नावाचा जो भव्य मासा, त्याच्या प्रौढाच्या अंगावर पिवळ्या-निळ्या आडव्या रेघा असतात. पण त्याचे पोर गडद निळे असून त्याच्या अंगावर पांढऱ्या वर्तुळांची एकात एक नक्षी काढलेली असते. दोहोंत इतके अंतर, की १८०१ साली युरोपीय पंडितांनी पोराला निराळीच जात ठरवून निकोबार बेटांवरून तिचे नाव ठेवले. पोराच्या अंगावरचा हा वेगळा पोशाख म्हणजे बापाच्या वयाच्या हद्दखोर माशांपासून मिळालेले अभयपत्र असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. टाकीत मासे निवडताना याचा व्यावहारिक अर्थ एवढाच निघतो, की नवा मासा जुन्यापेक्षा आकाराने, वयाने, खाण्याने आणि वावराच्या थराने जितका वेगळा, तितका तो निर्धोक.

मालकी आणि धैर्य यांचा संबंध ज्याने सर्वांत स्वच्छ दाखवला, तो लोरेन्झचा मित्र आणि नोबेलातला भागीदार निको टिनबर्गन. हॉलंडमध्ये स्टिकलबॅक नावाच्या काटेरी पाठीच्या लहान माशावर त्याने जे प्रयोग केले, त्यांतला एक इतका साधा आहे की तो शाळकरी मुलालाही समजावा. एका टाकीच्या दोन टोकांना दोन नरांनी आपापली घरटी बांधली होती. टिनबर्गनने त्या दोघांना दोन काचेच्या नळ्यांत घातले आणि दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरून पहिल्याच्या घरट्याकडे नेल्या. पहिला काचेवर धडका देऊ लागला, दुसरा नळीतल्या नळीत पळू पाहू लागला. मग त्याच नळ्या दुसऱ्याच्या घरट्याकडे नेल्या. तत्क्षणी भूमिका उलटल्या, मघाचा शूर पळू लागला आणि मघाचा पळपुटा धडका देऊ लागला. मासे तेच, त्यांचे बळ तेच. बदलली ती केवळ पायाखालची जमीन. शौर्य हा माशाच्या अंगचा गुण नसून वहिवाटीचा गुण आहे, ही गोष्ट ज्याला पटली, त्याला टाकीच्या बंदोबस्ताची निम्मी विद्या आली असे मी समजतो.

टाकीत मासे कोणत्या क्रमाने सोडावेत, हा प्रश्न यातूनच सुटतो. जो स्वभावाने सौम्य, भित्रा, वाळूत किंवा बिळात राहणारा, त्याला आधी प्रवेश द्यावा. त्याची वहिवाट पडू द्यावी. आणि डॅम्सेल, टँग, डॉटीबॅक असे हद्दखोर मासे सर्वांत शेवटी आणावेत. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलट होते, कारण डॅम्सेल स्वस्त, काटक आणि चपळ. नव्या टाकीचे पाणी मुरते की नाही हे पाहण्यासाठी प्रथम त्याचीच योजना होते, आणि मग वर्षभर तो बोटाएवढा मासा साऱ्या टाकीवर अंमल गाजवतो. खडकांची मांडणी मोडून नव्याने रचणे हा दुसरा उपाय. हद्दीच्या खुणाच नाहीशा झाल्या की जुना मालकही नवख्याइतकाच उपरा होतो. पण प्रवाळांच्या टाकीत हा उपाय सहजासहजी करता येत नाही, कारण प्रत्येक प्रवाळ आपल्या जागच्या उजेडाला आणि प्रवाहाला सरावलेला असतो, आणि माशांचा तंटा मिटवण्यासाठी त्यांना उखडणे म्हणजे एकाच्या न्यायासाठी दुसऱ्याला बेघर करणे.

म्हणून मांडणीचा विचार पहिल्याच दिवशी करावा. खडकांची एकच सलग भिंत उभारण्यापेक्षा दोन किंवा तीन अलग बेटे करावीत, त्यांच्या मधून पोहण्यास मोकळी वाट ठेवावी, आणि प्रत्येक गुहेला दोन तोंडे असतील असे पाहावे. एका तोंडाची गुहा हा सापळा होय. हल्लेखोर दारात उभा राहिला की आतल्याचे मरण ठरलेले. बेटाच्या आड गेलेला मासा पलीकडच्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते हद्दीबाहेर गेले, असे मानण्याइतकी उदारता या माशांत असते. याच ठिकाणी एक कळकळीची विनंती करतो: खडकांसाठी समुद्रातले जिवंत प्रवाळ खणून आणू नयेत. आपल्या देशात कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या पाण्यात जे थोडे प्रवाळ तग धरून आहेत, ते आपल्या दिवाणखान्यातील शोभेसाठी नाहीत. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड सहा महिन्यांत जिवाणूंनी भरतात आणि तेच काम चोख करतात.

क्लाऊन माशांची गोष्ट थोडी निराळी आहे. समुद्रफुलाच्या विषारी बाहूंत राहणारे हे नारिंगी-पांढरे मासे जे भांडतात ते जमिनीसाठी नव्हे, दर्जासाठी. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि त्यांच्याखाली उतरत्या आकाराने दोन-चार अविवाहित. मादी मेली की नर मादी होतो आणि तिसरा त्याच्या जागी बढती पावतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी हे लिंगपरिवर्तन १९७७ साली सविस्तर मांडले. पुढे पापुआ न्यू गिनीच्या पाण्यात पीटर बस्टन याने २००३ साली त्याहून आश्चर्याची गोष्ट दाखवली, ती अशी की खालच्या दर्जाचा मासा आपली वाढच आवरून धरतो आणि वरिष्ठाच्या साधारण चार-पंचमांशापलीकडे जात नाही. कारण तो पलीकडे गेला तर त्याला हाकलण्यात येते, आणि समुद्रफुलाबाहेर त्याला आसरा नसतो. म्हणून घरी क्लाऊनची जोडी करायची तर दोन लहान मासे आणावेत, आणि ते आकाराने असमान असावेत. मोठा लहानावर धावून जाईल, लहान कुशीवर कलून थरथर कापेल. ते थरथरणे म्हणजे शरणागती होय, आणि ते दिसले की तडजोड झाली असे निश्चित समजावे. दोन वाढलेल्या माद्या मात्र कधीही एकत्र करू नयेत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची कृत्रिम पैदास साध्य केलेली असल्यामुळे समुद्रातून ओरबाडलेले मासे घेण्याचीही गरज उरलेली नाही.

नव्या माशाची जुन्याशी ओळख कशी करून द्यावी, याकडे आता वळतो. कारण माझी चूक झाली ती येथे. पक्ष्यांच्या बाबतीत जुन्या निरीक्षकांना दिसून आले होते, की हद्दीला हद्द लागून असलेले शेजारी एकमेकांवर जेवढे धावून जातात, त्याहून कितीतरी अधिक त्वेषाने ते परक्यावर तुटून पडतात. जेम्स फिशर याने १९५४ साली अशा शेजाऱ्याला ‘प्रिय शत्रू’ म्हटले. माशांतही हे आढळते. अटलांटिकमधील एका डॅम्सेलचा नर शेजाऱ्याचा चिवचिवाट परक्याच्या आवाजापासून वेगळा ओळखतो, हे १९८५ साली सिद्ध झाले आहे. तेव्हा परक्याला शेजारी करणे, एवढेच आपले काम. त्यासाठी भोके पाडलेली पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी टाकीतच टांगून नव्याला आठ-दहा दिवस तीत ठेवतात. पाणी तेच, दर्शन परस्परांना अखंड, पण दात आणि पाते पोचत नाही. पहिल्या दिवशी जुना मासा पेटीवर धडका देतो; पुढे धडकांमधले अंतर वाढत जाते; आणि एक दिवस तो पेटीजवळून तिच्याकडे न पाहता चरत निघून जातो. दार उघडण्याचा मुहूर्त तो. तारीख पाहून दार उघडू नये, वागणूक पाहून उघडावे.

टाकीबाहेर काचेला आरसा लावून जुन्याचे लक्ष वेधणे, दिवे मालवल्यावर नव्याला सोडणे, दोन-तीन नवे मासे एकाच वेळी सोडून रोष वाटला जाईल असे करणे, हे उपाय पूरक म्हणून चांगले. शेवटच्या उपायाला तर समुद्रातच आधार आहे. पट्टेदार टँगांचे थवे डॅम्सेलच्या शेतावर झुंडीने उतरतात आणि एकटा राखणदार कोणाकोणाला हाकलणार, या अडचणीचा लाभ घेऊन पीक फस्त करतात. खाणे मुबलक आणि दिवसातून तीन-चार वेळा, टाकीच्या दोन टोकांना विभागून द्यावे. भुकेने आक्रमकता निर्माण होत नसली, तरी भुकेने ती धारदार होते.

कोठवर थांबावे आणि केव्हा मध्ये पडावे? पर उभारणे, रंग गडद होणे, दोन हात पाठलाग, परांच्या कडेला एखादी चीर, इतके चालू द्यावे. पण मार खाणारा खाण्याला येत नसेल, कोपऱ्यात पृष्ठभागाशी खिळून राहत असेल, कल्ले भराभर हलत असतील, तर त्याच दिवशी हालचाल करावी. कारण भयाने प्रतिकारशक्ती खचते आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परोपजीवी जीव नेमका त्याच वेळी उचल खातो. माझ्या निळ्या माशाला पात्याने मारले की ठिपक्यांनी, असे कोणी विचारले, तर मी दोन्ही एकच म्हणेन. बॉक्सफिश नावाचा चौकोनी मासा टाकीत असेल तर अधिकच सावध असावे. तो घाबरला की त्वचेतून विष सोडतो आणि बंद टाकीत त्या विषाने सारेच मरू शकतात. हलवायचे ते शक्यतो मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला. दोन आठवडे तो दुसऱ्या टाकीत कैदेत राहिला, की त्याची वहिवाट मोडते. आणि एवढे करूनही जमले नाही, तर तो मासा मोठी टाकी असलेल्या शौकिनाकडे द्यावा. पण समुद्रात सोडू नये. फ्लोरिडाजवळ १९८५ साली प्रथम दिसलेले लायनफिश, बहुधा कोणाच्या टाकीतूनच सुटलेले, आज अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रात सर्वत्र पसरून तेथील लहान माशांचा फडशा पाडत आहेत.

त्या मृत्यूनंतर दोन वर्षे मी दुसरा टँग आणला नाही. मग सहा फुटांची टाकी केली, खडकांची दोन बेटे रचली, आणि शेवाळाची पाने न खुडता कंगव्यासारख्या दातांनी दगडावरचा बारीक थर खरवडणारा एक तपकिरी ब्रिसलटूथ टँग निवडला. नऊ दिवस तो पेटीत होता आणि नऊ दिवस पिवळ्याने पेटीवर धडका दिल्या. दहाव्या दिवशी मी उलट केले: पेटीत नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा बांधून दार उघडे ठेवले, पिवळा खाण्याच्या लोभाने आत शिरला, दार लावले, आणि तपकिरी माशाला मोकळे सोडले. चार दिवस त्याने दोन्ही बेटांतली भोके तपासली, उजवीकडच्या बेटातली दोन तोंडांची गुहा निजायला निवडली, आणि पिवळा ते पेटीतून पाहत राहिला. पाचव्या दिवशी सायंकाळी मी पेटी उघडली. पिवळ्याने पर उभारले, दोनदा शेपटी झटकली. तपकिरी मासा गुहेच्या एका तोंडाने आत शिरला आणि दुसऱ्या तोंडाने निघून बेटाआड झाला. पिवळा काही क्षण रिकाम्या गुहेपुढे थांबला आणि मग डाव्या टोकाला, जिथे त्याची नोरी लावलेली असते, तिकडे वळला. मधल्या मोकळ्या वाटेत जांभळ्या कवचाने माखलेला एक गोटा आहे; आज आठ महिने झाले, चरत-चरत दोघेही आपापल्या बाजूने त्या गोट्यापर्यंत येतात आणि तेथून वळतात.